झीज

वीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवल्यामुळे मला काही शब्दांची धास्ती बसली आहे. त्यांतला एक शब्द 'झिजणे'. आमच्याकडे कोणी प्राध्यापक निवृत्त झाले की निरोपसमारंभ होतो. शाल, श्रीफळ आणि बटाटेवडे यांच्या मधोमध कोणीतरी उठतो आणि सर संस्थेसाठी चंदनासारखे झिजले, असे सांगतो. सर मान खाली घालतात, टाळ्या पडतात. अशा कितीतरी चंदनांचा सुगंध मी आजवर घेतला आहे. त्यांतल्या दोघातिघांची सहाण कधी ओली झालेली कोणी पाहिली नव्हती. पण ते असो. सांगायचे ते असे, की प्रतिष्ठेने झिजण्याचा मान आपल्या भाषेने एका चंदनालाच दिला आहे. चपलेची टाच झिजते, देवळाची पायरी झिजते, विळ्याची धार झिजते. पण त्यांना कोणी शाल देत नाही.

गेले वर्षभर मी ज्या झिजेचा विचार करते आहे, ती यांतल्या कशातच बसत नाही. तिचा सुगंध नाही, भुगा पडत नाही, आवाज होत नाही. वरून पाहिले तर वस्तू जशीच्या तशी. ही झीज माझ्या लॅपटॉपच्या बॅटरीची.

हा लॅपटॉप २०२० साली घरात आला. त्या वर्षी सारी महाविद्यालये घराघरांत शिरली होती, हे तुम्हाला आठवत असेलच. स्वयंपाकघराच्या टेबलावर एकीकडे कणीक आणि दुसरीकडे केशवसुत, असा आमचा वर्ग भरे. नवा होता तेव्हा हा लॅपटॉप विजेच्या दोरीवाचून चार तास चालत असे. पुढे पावणेचार झाले, मग सव्वातीन झाले आणि आता जेमतेम अडीचवर आले आहे. त्यातही २० टक्के उरल्याचे तो सांगतो आणि पुढच्याच मिनिटाला डोळे मिटतो. गंमत अशी, की रोज सकाळी चार्जिंग संपले की तो ऐटीत '१०० टक्के' असेच सांगतो.

"शंभर टक्के आहे ना? मग तक्रार कसली?" असे आमचे हे म्हणाले. हे बँकेत असल्यामुळे टक्केवारीवर त्यांची श्रद्धा आहे.

मुलगा अकरावीत आहे. त्याने लॅपटॉपकडून बॅटरीचा लेखी अहवाल काढून घेतला. लॅपटॉपाला विचारले तर तो स्वतःच्या प्रकृतीचा खरा दाखला देतो, हे मला तेव्हा कळले. (माणसांत ही सोय नाही.) कारखान्यातून निघाली तेव्हा बॅटरीत ४८,००० मिलीवॉट-तास मावत होते, आज काठोकाठ भरली तरी ३०,००० मावतात. म्हणजे साडेबासष्ट टक्के. पण लॅपटॉप जे शंभर सांगतो, ते आजच्या मापाचे शंभर. जन्माच्या वेळच्या मापाचे नव्हे.

हे सारे फार सोप्या शब्दांत समजले ते अण्णांमुळे. अण्णा म्हणजे माझे वडील. वय एकोणऐंशी. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी थोरल्या भावाकडे, दादाकडे, असतात. ते प्राथमिक शिक्षक होते. दशमान वजनेमापे देशात १९५८ पासून येऊ लागली. अण्णांनी लहानपणी दोन्ही पद्धती शिकल्या, आणि जुनी ते अजून विसरलेले नाहीत. मी आकडे सांगितले तसे ते डोळे मिटून म्हणाले, "चार शेरांची पायली. तुझी पायली आटून अडीच शेरांची झाली. यंत्र सांगतंय, माप भरलं. खोटं कुठं बोलतंय ते? माप भरलेलंच आहे. मापच आटलंय."

मग थोडे थांबून, स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाले, "आमचंही तेच."

या शेवटच्या दोन शब्दांसाठीच मी हा लेख लिहायला घेतला आहे, हे आधीच सांगून टाकते.

दर दुसऱ्या रविवारी मी पुण्याहून गावी जाते ते लॅपटॉप घेऊन. अण्णा शब्द सांगतात, मी टिपून घेते. शेतीचे शब्द, जनावरांचे शब्द, मापांचे, पावसाचे, घरबांधणीचे. तिकडे पावसाळ्यात वीज लहरीप्रमाणे येते-जाते, म्हणून बॅटरीवर भिस्त. आणि अण्णांची भिस्त सकाळच्या आठ ते दहा या दोन तासांवर. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. दहानंतर धाप लागते, आवाज खोल जातो, शब्द ओठांवर येऊन परत फिरतात. बॅटरीचे अडीच तास आणि अण्णांचे दोन! माझे सारे काम या दोन मापांत बसवायचे आहे.

तर बॅटरी झिजते म्हणजे नेमके काय होते? आमच्या महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या एक बाई आहेत. त्यांना मी स्टाफरूममध्ये चहाच्या वेळी हा प्रश्न विचारला. त्या मुंबईच्या, वर्षानुवर्षे पास काढून पुणे-मुंबई ये-जा केलेल्या. त्यामुळे त्यांनी मला बॅटरी शिकवली ती रेल्वेच्या भाषेत.

लिथियम-आयन बॅटरीला दोन टोके असतात. एका टोकाला धातूचे ऑक्साइड, दुसऱ्या टोकाला ग्राफाइट. तेच, जे शिसपेन्सिलीत असते. मध्ये एक द्रव. या द्रवातून लिथियमचे आयन ये-जा करतात. चार्जिंग म्हणजे त्यांना घाट चढवणे. कर्जतला गाडीला मागून जादा इंजिन लावतात ना, तसा विजेचा जोर मागून लावावा लागतो. तेव्हा हे प्रवासी ग्राफाइटच्या थरांत, म्हणजे लोणावळ्याला, जाऊन बसतात. आपण लॅपटॉप वापरू लागलो की ते घाट उतरू लागतात. ते आतून उतरत असताना इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेने जातात, आणि जाताजाता आपला पडदा उजळतात, माझ्या टाचणांना आश्रय देतात.

"मग बिघडतं कुठं?" मी विचारले.

"लोणावळ्याच्या फलाटावर," बाई म्हणाल्या. ग्राफाइट आणि तो द्रव यांचा संबंध आला की पहिल्याच चार्जिंगच्या वेळी ग्राफाइटवर एक पातळ साय धरते. ही साय आवश्यक असते. ती नसती तर द्रव नासतच गेला असता आणि बॅटरी चार दिवस टिकली नसती. पण ती साय तेवढ्यावर थांबत नाही. हळूहळू जाड होत जाते, आणि जाड होताना काही लिथियम स्वतःत अडकवून टाकते. प्रत्येक फेरीत काही प्रवासी फलाटावरच राहतात, ते पुन्हा गाडीत चढत नाहीत. हे झाले मापाचे आटणे. शिवाय साय जाड झाली की उरलेल्यांची वाटही अडते. वीज देताना बॅटरीला धाप लागते. २० टक्क्यांवर एकाएकी डोळे मिटण्याचे कारण बहुधा हे.

जे रक्षण करते तेच शेवटी वाट अडवते, हे ऐकून मला आमच्या संस्थेच्या कार्यकारी मंडळाची आठवण झाली. पण बाईंना तासाची घाई होती.

लॅपटॉपची बॅटरी साधारणपणे काही शेकडा ते हजार फेऱ्यांसाठी केलेली असते. फेरी म्हणजे शंभर टक्के वापर. आज पन्नास वापरले, उद्या पन्नास, तर दोन दिवसांची मिळून एक फेरी. माझ्या बॅटरीच्या ६१२ झाल्या आहेत. परंतु फेऱ्या हे एकच कारण नव्हे. उष्णतेने आतल्या साऱ्या नको त्या क्रिया जलद होतात. म्हणून गादीवर, उशीवर लॅपटॉप ठेवून त्याचा श्वास कोंडणे वाईट. उन्हात उभ्या मोटारीत ठेवणे त्याहून वाईट. आणि शंभर टक्के भरून तसेच विजेला लटकवून ठेवणेही वाईट, कारण काठोकाठ भरलेल्या स्थितीत आतला ताण सर्वांत जास्त असतो. अनेक लॅपटॉपांत आता ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असते. मुलाने ती लावून दिली. पोटाचा एक कोपरा रिकामा ठेवून उठावे, हे आमच्या आजीचे म्हणणे यंत्रालाही मानवते म्हणायचे.

ह्यांना मात्र ते पटले नाही. बॅटरी आधी पूर्ण रिकामी करावी, मग पूर्ण भरावी, नाहीतर तिला वाईट सवय लागते, असे त्यांचे ठाम मत. हे मत निराधार नाही. फक्त ते दुसऱ्याच घराण्याचे आहे. स्वीडनच्या युंगनर यांनी १८९९ साली निकेल-कॅडमियमची बॅटरी केली. त्या जातीच्या बॅटऱ्यांना अर्धवट वापरण्याची सवय लागे, आणि पुढे त्या तेवढेच देत. लिथियमला हा दोष नाही. उलट तळ गाठेपर्यंत उपसणेच तिला सोसत नाही. पण जुनी बॅटरी गेली तरी तिचा नियम घरात राहिला. आपल्या घरांतले किती नियम असे मागे राहिलेले असतात! ज्या कारणासाठी ते झाले ते कारण केव्हाच अडगळीत गेलेले असते, आणि नियम तेवढा दिवाणखान्यात बसून असतो.

आता मी मूळ मुद्द्यावर येते. बाईंनी जाताजाता एक गोष्ट सांगितली, ती माझ्या मनातून जाईना. बॅटरी वापरल्याने झिजते हे खरे; पण न वापरताही झिजते. डब्यात बंद करून ठेवली तरी ती साय धरतच राहते. फेऱ्यांचे वय वेगळे आणि पंचांगाचे वय वेगळे. पंचांगाचे वय कोणालाच चुकवता येत नाही. फार दिवस ठेवायचीच असेल तर थंड जागी, निम्मीअर्धी भरून ठेवावी, मधून मधून पाहावी. तेवढ्याने झीज मंदावते, थांबत नाही.

हे ऐकले आणि मला आईचा शालू आठवला. तुमच्याही घरात असा एखादा असेल. 'ठेवणीतला' हा आपल्याकडे केवढा मोठा शब्द आहे! ठेवणीतली साडी, ठेवणीतले ताट, ठेवणीतला आवाजसुद्धा. आईने तो शालू माझ्या आठवणीत तीनदा नेसला. दर वर्षी ती तो ट्रंकेतून काढी, सावलीत पसरी आणि घडी बदलून पुन्हा ठेवी. एकाच घडीवर राहिला तर रेशीम तिथेच चिरते, म्हणून. ती गेल्यावर काही वर्षे ती ट्रंक कोणी उघडली नाही. उघडली तेव्हा शालू घडीघडीवर फाटलेला होता. कुठे डाग नव्हता, कुठे भोक नव्हते. वापराची एक खूण त्याच्यावर नव्हती, आणि वापरण्याजोगाही तो राहिला नव्हता.

शब्दांचेही असेच होते. अण्णांनी मोटेचे शब्द सांगितले तेव्हा हे ध्यानात आले. मोटेचा जाड दोर तो नाडा. बारीक दोर तो सोंदूर. मोट ओढताना बैल ज्या उतारावरून जातात ती धाव. मोटेचे पाणी ज्यात पडते ते थारोळे. इंजिने आली, विजेचे पंप आले, मोटा गेल्या. हे शब्द कोणी वापरून झिजवले नाहीत. वापर थांबला म्हणून ते घडीवर फाटले. वर्गात मी मुलांना 'थारोळे' विचारले. सगळ्यांना ठाऊक होते, पण वर्तमानपत्रातल्या बातमीत रक्ताचे असते तेवढेच. ज्या शब्दात कधी काळी उसाचे पाणी खळाळत होते, त्यात आता फक्त रक्त उरले आहे. 'धाव' मुलांना क्रिकेटमुळे ठाऊक आहे. चला, ती निदान जिवंत तरी आहे.

आमच्या घरात वाद उभा राहिला तो इथेच. दादाचे म्हणणे, अण्णांना दमवू नये. डॉक्टरांनी जपायला सांगितले आहे. रविवारी दोन तास बोलल्यावर दिवसभर ते पडून असतात, जेवण जात नाही. "तू शब्द घेऊन पुण्याला जातेस," दादा मला म्हणाला, "रात्री त्यांची पाठ चोळत मी बसतो." यात खोटे काही नव्हते. रात्री दोन वाजता श्वास मोजत बसणाऱ्या माणसाला उत्तर द्यायला मराठीची एम.ए. पुरत नाही. मी गप्प राहिले.

पण मनात बॅटरी होती आणि शालूही होता. अण्णांना नुसते खाटेवर जपून ठेवले, तर त्यांचे माप आटायचे थांबणार आहे का? पंचांगाचे वय चालतच राहणार. आणि तळापर्यंत उपसले तर दादाचे म्हणणे खरे होणार. काठोकाठ भरू नये, तळही गाठू नये. मधल्या पट्ट्यात, थोडे थोडे वापरावे. बॅटरीचे हे पथ्य मी दादाला सांगितले. तो आधी हसला. मग त्यानेच तोड काढली. दोन तासांची सलग बैठक बंद. पंचवीस मिनिटे शब्द, मग अर्धा तास काहीच नाही, असे तीनदा. मधल्या अर्ध्या तासांवर पहारा वहिनींचा. त्या वेळात अण्णांनी एखादा शब्द सांगितलाच तर तो ऐकायचा नाही, असा त्यांनी मला दम दिला आहे.

अण्णांना विचारले. ते म्हणाले, "मला कुणी ठेवणीत ठेवू नका एवढंच. बाकी पंचवीस मिनिटं करा नाहीतर वीस करा."

चार रविवार झाले. अण्णा दुपारी जेवतात. पहिल्यापेक्षा शब्दही कमी होत नाहीत. कारण मधल्या अर्ध्या तासात ते मनातल्या मनात गोळा करत असतात, हे वहिनींना ठाऊक आहे आणि त्या तिकडे काणाडोळा करतात. आजवर ११४० शब्द झाले.

जॉन गुडिनफ यांच्याविषयी मी याच दिवसांत वाचले. तुमच्या-माझ्या बॅटरीतल्या कोबाल्ट ऑक्साइडचा शोध ऑक्सफर्डमध्ये त्यांच्या हाताखाली १९८० साली लागला. तेव्हा ते सत्तावन वर्षांचे होते. म्हणजे आपल्याकडे शालीचे माप घेण्याचे वय. व्हिटिंगहॅम यांनी सत्तरीच्या दशकात पाया घातला होता, योशिनो यांनी १९८५ मध्ये कार्बनचे दुसरे टोक जोडून दिले, आणि १९९१ मध्ये ही बॅटरी जपानात बाजारात आली. ऑक्सफर्डमधील निवृत्तीचे वय जवळ आले तेव्हा गुडिनफ १९८६ साली टेक्सासला गेले आणि नव्वदी उलटल्यावरही नव्या बॅटऱ्यांवर काम करत राहिले. २०१९ साली या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी गुडिनफ सत्त्याण्णव वर्षांचे होते. इतक्या वयात नोबेल मिळालेला दुसरा कोणी नाही. २०२३ च्या जूनमध्ये, एकशे एकाव्या वाढदिवसाला महिना असताना, ते गेले. हे मी अण्णांना सांगितले. त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि "म्हणजे मला अजून पुष्कळ अवकाश आहे," म्हणाले.

राहता राहिली माझी बॅटरी. ती बदलता येते, हा यंत्राचा आणि माणसाचा मोठाच फरक आहे. दुकानदाराने दोन बॅटऱ्या दाखवल्या, एक कंपनीची आणि दुसरी निम्म्या किमतीची, बेनावाची. मी पहिली घेतली. स्वस्त विजेचा प्रयोग कागदपत्रांशेजारी करू नये. जुनी तशीच राहिली असती तर पुढे फुगलीही असती, असे त्याने सांगितले. बॅटरी फुगून लॅपटॉपची पाठ किंवा कळा वर उचलल्या जाऊ लागल्या तर वापर तिथेच थांबवावा. दाबू नये, टोचू नये, कचऱ्याच्या टोपलीत तर मुळीच टाकू नये. २०२२ च्या बॅटरी-कचरा नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. माझी मी दुकानातच जमा केली. पाच वर्षांत ६१२ वेळा घाट चढून उतरलेली ती काळी पट्टी हातातून देताना तिच्याविषयी दोन शब्द बोलावेसे वाटले. पण चंदनाशिवाय काही सुचेना, म्हणून नुसती पावती घेतली.

आता लॅपटॉपचे माप पुन्हा पायलीचे झाले आहे. अण्णांचे अडीच शेरांचेच आहे. येत्या रविवारी पावसाचे शब्द घ्यायचे ठरले आहे. ते पुष्कळ आहेत आणि अण्णांनी आधीच कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर यादी करायला सुरुवात केली आहे, असे वहिनींनी फोनवर सांगितले. यादी पंचवीस मिनिटांत बसणार नाही, असेही म्हणाल्या. उरलेले त्याच्या पुढच्या रविवारी घेऊ.